पंचाचे मौन

गेल्या हिवाळ्यात भातकापणी आटोपल्यावर आमच्या गावच्या मोकळ्या शेतात १४ वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा भरली होती. निवृत्त माणसाला संध्याकाळी बसायला एखादा बांध आणि पाहायला खेळणारी मुले मिळाली, की त्याचे आणखी काही मागणे नसते. आम्हीही बांधावर जाऊन बसलो. शेजारी आमचे एक स्नेही होते. त्यांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे गावोगावच्या मैदानांवर पंच म्हणून शिट्टी फुंकली आहे. गुडघे बोलू लागल्यावर शिट्टी सुटली, पण नजर सुटलेली नाही. गोव्यात फुटबॉल पाहताना असा शेजारी लाभणे हे भाग्यच.

सामना बरोबरीत होता. शेवटची काही मिनिटे उरली होती. एका संघाच्या बचावपटूने चेंडू पायाने मुद्दाम आपल्या गोलरक्षकाकडे ढकलला आणि त्या पोराने तो हातांनी उचलला. पंचाने शिट्टी वाजविली आणि आपला उजवा हात सरळ वर केला. समोरच्या संघातला एक किडकिडीत मुलगा पुढे झाला. त्याने चेंडू ठेवला, भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या पोरांतली फट हेरली आणि चेंडू थेट जाळ्यात धाडला. एकच जल्लोष झाला. पण पंचाने गोल दिला नाही. उलट समोरच्या संघाला गोलकिक दिली. सामना बरोबरीतच संपला आणि पुढे पेनल्टी किकवर त्या मुलाचा संघ हरला.

तो मुलगा मैदानातून बाहेर आला तो रडतच. कुणीतरी मोठ्या माणसाने दरडावले, ‘‘पंचाने हात वर केला होता, तो दिसला नाही तुला?’’ मुलगा म्हणाला, ‘‘दिसला. पूण म्हाका कोणें सांगूंक ना.’’ हात दिसला होता. त्या हाताचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता.

ज्या वाचकांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळू नये, हा नियम १९९२ साली आला. तो मोडल्यास प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. अप्रत्यक्ष म्हणजे ती मारणाऱ्याला थेट गोल करता येत नाही. मध्ये आणखी एखाद्या खेळाडूचा स्पर्श चेंडूला व्हावा लागतो. हे कळावे म्हणून पंच हात वर करतो आणि चेंडूला दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत तो तसाच ठेवतो. याच नियमात आणखी एक तरतूद आहे. पंच हात वर करायला विसरला आणि चेंडू थेट गोलात गेला, तर ती किक पुन्हा घ्यावी लागते. म्हणजे पंच सांगायचे विसरला तर त्याच्या विसरण्याचा भुर्दंड खेळाडूला बसू नये, एवढी काळजी नियमकर्त्यांनी घेतली आहे. त्या संध्याकाळच्या पंचाने मात्र हात वर केला होता. नियमाने जेवढे सांगायला सांगितले होते, तेवढे त्याने सांगितले होते.

घरी परतताना आम्ही स्नेह्यांना विचारले, ‘‘अहो, किक घेण्यापूर्वी त्या पंचाने पोराला दोन शब्दांत सांगितले असते, की बाबा रे, थेट मारू नकोस, तर काय बिघडले असते?’’

ते चालता चालता थांबले. म्हणाले, ‘‘मामलेदारसाहेब, बिघडले असते. बचाव करणाऱ्या पोरांचे काय? त्यांना तो नियम ठाऊक असेल, म्हणून ती चेंडूच्या वाटेतून बाजूला झाली असतील. ज्याने नियम शिकून घेतला त्याचा फायदा पंचाने काढून घ्यावा, आणि ज्याने शिकला नाही त्याला द्यावा, हा कुठला न्याय? पंच शिकवायला लागला की तो पंच राहत नाही, तो एका बाजूचा प्रशिक्षक होतो.’’

युक्तिवाद लंगडा नव्हता. त्याला आधार म्हणून स्नेह्यांनी जो दाखला दिला तो साऱ्या क्रीडाजगताने पाहिलेला आहे. तो आमच्या फुटबॉलचा नाही, रग्बीचा आहे. पण रग्बीचे पूर्ण नावही रग्बी फुटबॉल असेच आहे, तेव्हा भावकीतलाच म्हणायचा. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी लंडनच्या ट्विकनम मैदानावर इंग्लंड आणि इटली यांचा सामना होता. इंग्लंड बलाढ्य आणि इटली दुबळी. रग्बीत चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडले, की दोन्ही बाजूंचे उभे खेळाडू चेंडूवर येऊन एकमेकांना भिडतात. याला ‘रक’ म्हणतात. रक झाला की ऑफसाइडची रेषा निर्माण होते आणि बाकीच्यांना आपापल्या बाजूला मागे राहावे लागते. इटलीने त्या दिवशी ठरवले, की आपला माणूस तिथे पाठवायचाच नाही. एकच बाजू आली तर रक होत नाही. रक नाही म्हणून रेषा नाही, आणि रेषा नाही म्हणून इटलीचे खेळाडू खुशाल इंग्लंडच्या खेळाडूंमध्ये जाऊन उभे राहू लागले. नियमात ते बसत होते. आपला हा बेत इटलीच्या प्रशिक्षकांनी आधीच पंचांच्या कानावर घातला होता.

इंग्लंडचे खेळाडू गोंधळले. त्यांच्यातल्या जेम्स हॅस्केल याने फ्रेंच पंच रोमँ प्वात यांना गाठून विचारले, की रक होण्यासाठी आम्ही नेमके काय करायला हवे? पंचांनी उत्तर दिले ते अशा अर्थाचे, की मी पंच आहे, तुमचा प्रशिक्षक नव्हे. मध्यंतराला इटली १०-५ अशी पुढे होती. मध्यंतरात इंग्लंडला आपल्या प्रशिक्षकांशी बोलायला मिळाले आणि अखेर त्यांनी सामना ३६-१५ असा जिंकला. त्याच वर्षी रग्बीच्या जागतिक संघटनेने तो नियम बदलला. टॅकलनंतर एक जरी खेळाडू चेंडूवर उभा राहिला तरी ऑफसाइडची रेषा लागू होईल, असे ठरले.

‘‘पाहिलेत?’’ स्नेही म्हणाले. ‘‘दिवसभर रग्बीखेरीज दुसरे काही न करणारी, पगारी माणसे. त्यांनी नियमपुस्तक वाचले नाही. इटलीने वाचले. पंचांनी उत्तर दिले असते तर इटलीची आठवड्याची मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली असती.’’

या दाखल्यावर आम्ही बराच विचार केला आणि आमचे मत असे झाले, की प्वात यांनी केले ते योग्य केले. हॅस्केलचा प्रश्न दिसायला नियमाविषयी होता, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता: या डावातून आम्ही बाहेर कसे पडावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात छापलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठीच तर प्रशिक्षक नेमलेले असतात. शिवाय ते पुस्तक इंग्लंडच्या खेळाडूंच्या हाताशी होते, त्यांच्याच भाषेत होते, आणि ते वाचून सांगणारी माणसेही पदरी होती. त्यांनी ते जाणले नाही, हा त्यांचा प्रमाद. पंचाने त्याची भरपाई करावी असे काही त्यांचे देणे तो लागत नव्हता.

तथापि पंचाचे बोलणे न बोलणे यांचे गणित एवढ्यावर सुटत नाही. १२ डिसेंबर २००४ रोजी लंडनच्याच हायबरी मैदानावर आर्सेनल आणि चेल्सी यांच्यात झालेला सामना पाहा. आर्सेनलला फ्री किक मिळाली. तिएरी आँरी चेंडूपाशी उभा होता. शिट्टीची वाट पाहायची की लगेच मारता येईल, याविषयी त्याचे आणि पंच ग्रॅहम पोल यांचे बोलणे झाले आणि पंचांनी लगेच मारायला मुभा दिली. चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक तेव्हा खांबाशी उभा राहून आपल्या खेळाडूंची भिंत लावण्यात गुंतला होता. आँरीने चेंडू जाळ्यात टाकला आणि गोल ग्राह्य धरला गेला. चेल्सीने त्रागा केला, पण नियमाच्या दृष्टीने पंचांची काही चूक नव्हती. फ्री किक झटपट घेता येते. शिट्टी वाजलीच पाहिजे असे बंधन नाही. सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

इथे पंच बोलले होते आणि तरीही प्रश्न उरलाच. त्यांनी एकाशी बोलणे केले. दुसऱ्याला ते ऐकू गेले नाही, आणि ऐकवण्याची सक्तीही नव्हती. तेव्हा बोलणारा पंच पक्षपाती आणि मूक पंच निःपक्षपाती, अशी सरळ वाटणी करता येत नाही, तशीच उलटीही करता येत नाही. जे बोलले गेले ते कुणाच्या कानांपर्यंत पोहोचले, हेही पाहावे लागते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. समोरच्याला नियम ठाऊक नाही, हे आपण कशावरून ठरवतो? १९७४ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध झाइरेचा सामना होता. ब्राझीलला फ्री किक मिळाली होती. किक घेतली जाण्यापूर्वीच झाइरेचा म्वेपू इलुंगा भिंतीतून धावत सुटला आणि त्याने चेंडू लांब भिरकावून दिला. पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले. सारे जग हसले. आफ्रिकेतून आलेल्या या मंडळींना फ्री किक म्हणजे काय हेसुद्धा कळत नाही, असा समज वर्षानुवर्षे सांगितला गेला. पुढे इलुंगाने सांगितले, की मला नियम चांगला ठाऊक होता. मी जे केले ते जाणूनबुजून केले. त्या दिवशी पंचाने त्याला जवळ बोलावून फ्री किकचा पहिला धडा दिला असता, तर तो उपकार ठरला नसता, अपमान ठरला असता. अज्ञान गृहीत धरणे हाही एक प्रकारचा पक्षपातच आहे.

इथपर्यंत आलो तेव्हा आमचे मत स्नेह्यांच्या पारड्यात जवळजवळ पडले होते. तरीही त्या रात्री झोप लागेना, कारण त्या पोराचे वाक्य आम्ही पूर्वी एकदा ऐकले होते. तेच शब्द, जवळजवळ तोच स्वर. फक्त बोलणारे तोंड साठ वर्षांनी अधिक म्हातारे होते.

तेव्हा आम्ही एका तालुक्याच्या ठिकाणी नेमणुकीवर होतो. जमिनीचे, वाटेचे, पाण्याचे लहानसहान तंटे आमच्यापुढे सुनावणीस येत. मराठीत ‘पंचामुखी परमेश्वर’ अशी म्हण आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला ती फार लवकर खरी वाटू लागते. एका वृद्ध विधवेचा अर्ज होता. तिच्या घरापासून विहिरीकडे जाणारी पायवाट भाटकाराने कुंपण घालून बंद केली होती. भाटकाराच्या बाजूने नामांकित वकील उभे होते. म्हातारी एकटी येई. कधी शेजारचा एखादा मुलगा तिला बसमधून उतरवून कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत सोडी.

वकिलांचे म्हणणे, तिथे कधी वाट नव्हतीच. म्हातारीचे म्हणणे, सासू हयात असल्यापासून ती त्याच वाटेने पाणी आणते. कागद तिच्याकडे नव्हता. साक्षीदार आणावा लागतो हे तिला ठाऊक नव्हते. जागेची पाहणी करावी अशी मागणी अर्जदाराला करता येते, हेही ठाऊक नव्हते. ते आम्हाला ठाऊक होते. वाट तुडवलेली असली की ती जमिनीवर दिसते, कागदावर दिसली नाही तरी. एक पाहणी झाली असती तर बहुधा सारे उलगडले असते. पण तिने मागणी केली नाही आणि आम्ही तोंड उघडले नाही. मनात विचार आला नव्हता असे नाही. आला होता. पण समोर वकील बसले होते. आम्ही म्हातारीला सुचवले असते तर ते लगेच उठून म्हणाले असते, की न्याय देणाऱ्यानेच एका पक्षाची वकिली चालवली आहे. आम्ही तरुण होतो, निःस्पृह म्हणून घेतलेले नाव जपत होतो. अर्ज पुराव्याअभावी फेटाळला. निकालपत्र निर्दोष होते. आजही कुणी वाचले तर त्यात खोट काढू शकणार नाही.

महिनाभराने ती निकालाची नक्कल न्यायला आली. कारकुनाशी बोलता बोलता तिला पाहणीची गोष्ट कळली. ती आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. ‘‘सायबा,’’ ती म्हणाली, ‘‘म्हाका कोणेंच कितें सांगूंक ना.’’ आम्ही तिला अपिलाची मुदत सांगितली. तेवढे तरी सांगितले. पण बसचे भाडे, वकिलाची फी आणि परत परत मारावयाचे खेटे तिच्याच्याने झेपण्यासारखे नव्हते. तिने अपील केले नाही. पुढे आमची बदली होईपर्यंत त्या गावात जाण्याचा प्रसंग दोनदा आला. दोन्ही वेळा कुंपण तसेच होते, आणि ती लांबच्या वाटेने घागर आणताना एकदा दिसली.

प्वात आणि आम्ही यांत फरक तो काय? दोघेही पंच. दोघांनीही मौन पाळले. दोघांनाही आपण निःपक्षपाती आहोत असे वाटले. फरक खुर्चीवर बसणाऱ्यांत नव्हता, समोर उभे असणाऱ्यांत होता. हॅस्केलला मध्यंतर होते. मध्यंतरात त्याला सांगणारी माणसे होती. म्हातारीला मध्यंतर नव्हते. दोन्ही बाजूंना सांगणारे कुणीतरी असते, तेव्हा पंचाचे मौन तराजूच्या काट्यासारखे मध्यावर राहते. एका बाजूला वकील बसलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नसते, तेव्हा तेच मौन वकिलाच्या पारड्यात जाऊन पडते. आम्ही गप्प राहून मध्यस्थ राहिलो, अशी आमची समजूत होती. वास्तविक आम्ही गप्प राहून एका बाजूला बसलो होतो.

यावर स्नेही म्हणतील, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालेच, ‘‘मग तुम्ही दुबळ्याला एक न्याय आणि सबळाला दुसरा न्याय लावणार?’’ हा आक्षेप वरवरचा नाही. पंचाने प्रत्येक वेळी कोण दुबळा हे मोजीत बसावे म्हटले तर पंचगिरीच संपेल. शिवाय नियम सांगणे आणि डाव सांगणे यांतली रेषा दरवेळी स्वच्छ नसते. ‘पाहणीची मागणी करता येते’ हे वाक्य नियम आहे. पण त्या सुनावणीत ते उच्चारणे म्हणजे म्हातारीच्या हाती डावच देणे होते. मुलाला ‘ही किक अप्रत्यक्ष आहे’ असे सांगणे हा नियम. ‘शेजारच्याला पास दे’ असे सांगणे हा डाव. पण पहिले कळल्यावर दुसरे कळायला कितीसा वेळ लागतो?

आम्हाला यातून एक वाट दिसते. ती पूर्ण निर्वेध आहे असा दावा नाही. पंचाने जे सांगायचे ते नियमापुरते सांगावे, मोठ्याने सांगावे आणि दोघांनाही ऐकू जाईल असे सांगावे. त्या सुनावणीत आम्ही एवढेच म्हणू शकलो असतो, की ‘या प्रकारच्या अर्जात कोणत्याही पक्षाला साक्षीदार आणता येतात, जागेच्या पाहणीची मागणी करता येते, दोन्ही पक्षांनी नोंद घ्यावी.’ वकिलांना त्यात नवे काही नव्हते, म्हणून त्यांचे काही हिरावले गेले नसते. म्हातारीला मात्र ते सारेच नवे होते. जे एकाला आधीच ठाऊक आहे ते दुसऱ्याला सांगितल्याने पहिल्याचा हक्क बुडत नाही. बुडते ती फक्त दुसऱ्याच्या अज्ञानावर बसवलेली त्याची आशा. त्या आशेचे रक्षण करणे हे पंचाचे काम नव्हे.

मग इटलीची आशाही इंग्लंडच्या अज्ञानावरच बसवलेली नव्हती काय, असे कुणी विचारील. होती. पण ज्याला जाणण्याची पुरती संधी होती त्याचे अज्ञान, आणि ज्याला ती कधी मिळालीच नाही त्याचे अज्ञान, या दोहोंना एकच नाव असले तरी ती एक वस्तू नव्हे. पहिल्याला आळस म्हणता येईल. दुसऱ्याला तसे म्हणणे हा अन्याय होईल. सामना चालू असताना खेळाडूंची कुंडली मांडायची नसते, हे खरे. पण हा सामना कोणत्या पातळीवरचा आहे, एवढे पंचाला नक्की माहीत असते. राष्ट्रीय संघ कोणता आणि शेतात अनवाणी उतरलेली पोरे कोणती, हे ओळखायला पुराव्याची गरज नसते.

नियम करणाऱ्यांनीही हे हळूहळू मान्य केलेले दिसते. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातिन याला बाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येत नव्हती, रातिनला जर्मन येत नव्हती. तो दुभाषा मागत राहिला आणि मैदान सोडीना. त्या गोंधळानंतर केन ॲस्टन या इंग्लिश पंचाधिकाऱ्यांना रस्त्यावरचे वाहतूक दिवे पाहून पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून ती अमलात आली. पंचाचा निर्णय नुसता योग्य असून भागत नाही, तो समोरच्याला कळलाही पाहिजे, याची ती कबुलीच होती. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पंचांनी महत्त्वाचे निर्णय कर्णधाराला समजावून द्यावेत, असे ठरले. २०२५ पासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून अधिक हातात धरला तर प्रतिपक्षाला कॉर्नर किक मिळते. पण त्यातली शेवटची पाच सेकंदे पंचाने हात उंचावून, बोटांनी मोजून दाखवायची असतात. शिक्षा आहे, आणि शिक्षेपूर्वी सर्वांना दिसेल असा इशाराही आहे.

आपल्या कायद्यातही हे तत्त्व आहे. आरोपीचा कबुलीजबाब नोंदविण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने त्याला समजावून सांगावे लागते, की कबुली देणे तुझ्यावर बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ मध्ये होते. २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये आहे. असे सांगणारा दंडाधिकारी आरोपीचा वकील होतो, असे कुणी म्हणत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी मागणे कागदावर उतरविण्यास वाजवी साहाय्य करणे, हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरविले. नोकरीच्या उत्तरार्धात आम्ही तो कायदा राबविला. प्रत्येक वेळी कुणाचा अर्ज लिहून देताना विहिरीची ती वाट डोळ्यांपुढे येई. कायद्याने सांगितल्यावर करणे सोपे असते. कायद्याने सांगितले नव्हते, मनाईही केली नव्हती, तेव्हा आम्ही केले नाही. खरा प्रश्न त्या मधल्या मोकळ्या जागेचाच आहे. आपण काय बोलायला बांधलेले आहोत, हे पुस्तक सांगते. न बोलण्याची मुभा असताना बोलावे काय, हे पुस्तक सांगत नाही.

खेळाला हे सारे ओझे पेलेल काय, अशी शंका येते. खेळ म्हणजे कचेरी नव्हे, आणि गमावलेला गोल म्हणजे बंद झालेली पायवाट नव्हे. पण मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. नियम म्हणजे काय, आणि नियम चालविणारा माणूस आपला कोण, याचा बहुतेकांना पहिला अनुभव मैदानावरच येतो. नियम ही आपल्याला ठाऊक नसलेली आणि ऐनवेळी आपल्यावर येऊन पडणारी गोष्ट आहे, एवढेच तो किडकिडीत मुलगा त्या दिवशी शिकून गेला असेल, तर पुढे कधी एखाद्या कचेरीच्या पायऱ्या चढताना तो तेच मनात धरून चढेल.

स्नेह्यांशी हा वाद अजून मिटलेला नाही. सामना चालू असताना पंचाने बोलू नये, या मतावर ते ठाम आहेत. मात्र पुढच्या रविवारी उरलेले सामने होते, तेव्हा ते वेळेच्या अर्धा तास आधी शेतात पोहोचलेले आम्ही पाहिले. दोन्ही संघांची पोरे त्यांनी एकत्र बसवली होती आणि गुडघा सांभाळीत उभे राहून ते उजवा हात वर करून दाखवीत होते. एक मुलगा विचारीत होता, ‘‘आणि हात वर नसेल तर थेट मारायचे?’’ स्नेही म्हणाले, ‘‘हात वर नसेल तर आधी पंचाला विचारायचे. विचारायला लाजायचे नाही.’’

आम्ही काही बोललो नाही. सामना सुरू होण्यापूर्वी सांगणे हाच सर्वांत चांगला मार्ग, यावर आमचे दुमत नाही. पण ज्यांना सामन्यापूर्वी कुणीच भेटले नाही, त्यांच्यासाठी पंचाने काय करावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आमचे उत्तर आम्ही वर दिले आहे. ते आम्हाला उशिरा सापडले. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत, कचेरीत, सोसायटीत, घरातही केव्हा ना केव्हा पंचाची जागा घेतलेली असेल. त्यांनी आपापल्या मौनाचा हिशेब एकदा तपासून पाहावा, एवढीच विनंती.